फाटकात सापडलेली बोटं

जबलपूरच्या आमच्या घराला एकच फाटक आहे. खाली थोरले दीर आणि जाऊबाई राहतात, वर आम्ही दोघं. हे घडलं तेव्हा जाऊबाईंचं आणि माझं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात कोणी किती केलं, यावरून ते बंद झालं. तेराव्याला जमलेल्या पाहुण्यांपुढे त्या म्हणाल्या होत्या, की धाकटीला शाळेतून सवड कुठे होती. मी तेव्हा गप्प बसले, आणि मग गप्पच राहिले. जे काही सांगायचं ते दोघे भाऊ एकमेकांना सांगत. टाकीत पाणी कधी चढवायचं, तेसुद्धा.

मी शाळेत गणित शिकवते. मार्च होता, परीक्षा चालू होत्या, सातला पोचायचं होतं. स्कूटी बाहेर लावून मी फाटकाच्या खांबाला उजव्या हाताने धरलं आणि चपलेचा पट्टा ओढू लागले. जाऊबाई परडी घेऊन अंगणात फुलं तोडत होत्या. गल्लीतली एक गाय आमच्या दाराकडे वळलेली मलाही दिसली. तेवढ्यात लोखंडी फाटक जोरात आलं आणि माझं मधलं बोट आणि अनामिका, दोन्ही खांबावर चेपली गेली.

काही क्षण दुखलंच नाही. मग असं दुखलं की मी तिथेच पायरीवर बसले. मधल्या बोटाचं नख मुळापासून उचकटून बाजूला लोंबत होतं. अनामिका निळी पडत होती. नवरा धावत खाली आला, हात नळाखाली धरला, स्वच्छ पंचा गुंडाळला. दीरही आले. सगळे एकदम बोलत होते. जाऊबाई मात्र परडी हातात धरून उभ्या होत्या आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाल्या, "अंगठी काढ आधी. बोट सुजलं की निघणार नाही."

चार वर्षांनी मला उद्देशून बोललेलं ते त्यांचं पहिलं वाक्य. माझ्या अनामिकेत आईची अंगठी होती. त्या बरोबर सांगत होत्या, हे मला त्याही अवस्थेत कळत होतं. दीर साबणाचं पाणी आणायला आत गेलेसुद्धा. पण त्यांनी सांगितलं म्हणून मी काढली नाही. नवऱ्याला म्हटलं, गाडी काढ.

दवाखान्यात पोचेपर्यंत बोट अंगठीच्या दोन्ही बाजूंनी फुगलं होतं. कंपाउंडरने बारीक चकतीने आईची अंगठी कापली आणि दोन तुकडे माझ्या डाव्या हातावर ठेवले. ते पाहूनही मला राग आला तो जाऊबाईंचाच.

एक्स-रेमध्ये मधल्या बोटाच्या टोकाचं हाड मोडलेलं दिसलं. डॉक्टरांनी बोट बधिर केलं, नखाखालची फाटलेली कातडी शिवली, हाडात एक बारीक तार घातली आणि वरून पत्र्याची पट्टी बांधली. अनामिकेचं हाड शाबूत होतं, फक्त मार होता. त्यांनी हिंदीत नीट समजावलं, की हात छातीच्या वर ठेवायचा, पट्टी ओली होऊ द्यायची नाही, आणि बाकीची बोटं आजपासूनच हलवत राहायची. मी मान हलवली.

घरी आल्यावर मी हात गळ्यात अडकवला आणि बोटं हलवली नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हात दाखवत असे. आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका आल्या, शाळेतल्या आल्या, सिहोऱ्याहून माझी मावसबहीण बसने आली. प्रत्येकीला मी सांगितलं की जाऊबाईंनी फाटक मुद्दाम ढकललं. जाऊबाई खाली वेगळं सांगत होत्या. गाय आत शिरत होती, म्हणून फाटक लावलं, धाकटीनेच नको तिथे हात ठेवला. कोणी वर येण्याआधी खाली थांबली, तर तिच्या चेहऱ्यावरून मला कळायचं. मग मी पट्टीवरचा रुमाल बाजूला करायची.

महिन्याभराने तार काढली. जखम भरली होती. पण मूठ वळेना. मोडलेलं बोट तर नाहीच, तर्जनी आणि करंगळीही अर्ध्यावर अडकत होत्या. डॉक्टरांनी सिविल लाइन्समधल्या एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे पाठवलं. वयाने माझ्याहून पुष्कळ लहान, बोलायला तुटक. त्यांनी माझा हात कोमट मेणात बुडवला, मग एकेक सांधा धरून वाकवू लागल्या. मी हात ओढून घेतला. त्यांनी तो परत घेतला आणि तर्जनीवर टिचकी मारून विचारलं, "इसको तो कुछ नहीं हुआ था. इसको काहे बाँधके रखा?"

मी म्हटलं, दर्द होता था. त्यांचा विश्वास बसला नाही.

घरी येऊन मी नवऱ्यापाशी त्यांची तक्रार केली. तो भाजी चिरत होता, कारण महिनाभर स्वयंपाक तोच करत होता. सुरी खाली ठेवून तो म्हणाला, "तू बोट दाखवूनच राहिली सगळ्यांना. वाकवून कधी पाहिलं?"

त्या संध्याकाळी मी त्याच्याशी बोलले नाही. पण दुसऱ्या दिवसापासून व्यायाम सुरू केला, तोही रागानेच. तांदळाच्या डब्यात हात खुपसून मूठ वळायची. कणीक तिंबायची. मटकीचे दाणे एकेक उचलून वाटीत टाकायचे. बोटाचं टोक इतकं हुळहुळं झालं होतं की चादर लागली तरी अंगावर काटा यायचा. म्हणून आधी कापसाने, मग रुमालाने, मग खरखरीत टॉवेलने ते घासायचं. डोळ्यांतून पाणी यायचं. दर वेळी मी मनात जाऊबाईंना शिव्या द्यायची, आणि खरं सांगायचं तर त्याने बळ यायचं.

मेमधल्या एका दुपारी लाइट गेली होती. मी दार उघडं टाकून तांदळात हात घालून बसले होते. जिन्यावर पावलं वाजली आणि जाऊबाई दारात आल्या. त्यांनी सांगितलं, उद्या लोहार येणार आहे, त्याच्याकडून फाटकाला रबर बसवून घ्यायचं आहे, तर स्कूटी सकाळी आत ठेवू नको. हे सांगायला दीर आले असते. सांगून झालं तरी त्या गेल्या नाहीत. माझ्या हाताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुझा हात दिसला होता मला."

मी तांदळातून हात काढला.

"ढकलल्यावर दिसला. धरता आलं असतं फाटक. नाही धरलं."

"काहून?" मी विचारलं.

"तू समोरून जाते, तर माणूस उभा आहे असंही नाही पाहत. चार वर्षं झाली." मग म्हणाल्या, "कोणाला सांगायचं असेल तर सांग."

दोन महिने मी जे सगळ्यांना सांगत होते, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने जवळजवळ कबूल केलं होतं. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. माझ्या मनात आलं, की उलट असतं, त्यांचा हात खांबावर असता, तर मी फाटक धरलं असतं का? उत्तर मला लगेच देता आलं नाही आणि त्याचाही मला त्यांच्यावरच राग आला.

"खाली जा तुम्ही," मी म्हटलं. त्या गेल्या.

आठवड्याने हे मी नवऱ्याला सांगितलं. मग त्याने एवढंच विचारलं, की दादाला सांगू का. मी नको म्हटलं. दुसऱ्या कोणालाच सांगितलं नाही.

शाळा सुरू झाली तोवर मूठ वळू लागली होती. मधल्या बोटाचा शेवटचा सांधा पूर्ण वाकत नाही, आता वाकणारही नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. खडू मी तर्जनी आणि अंगठ्यात धरायला शिकले. पहिला आठवडाभर फळ्यावरचे आकडे उतरत उतरत खाली जायचे. नवं नख यायला दिवाळी उजाडली. ते जाड आहे, मधोमध एक रेघ आहे. थंडीत टोक ठणकतं, तेव्हा हातमोजा चढवते.

जाऊबाईंशी आता कामापुरतं बोलते. पाणी चढवलं का, गॅसवाला येऊन गेला का, इतकंच. त्यांनी कधी माफी मागितली नाही, आणि मागितली असती तर मी दिली नसती. मावसबहीण फोनवर विचारते, अजून तुमचं तसंच का? मी म्हणते, हो, तसंच. सकाळी त्या अंगणात फुलं तोडत असतात. मी स्कूटी बाहेर काढते तेव्हा आता त्यांच्याकडे सरळ पाहते, आणि त्याही पाहतात.