पाचशेएकावं काम

वर्षाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. जेवताना एक डोळा मोबाइलवर, बोलताना ओढणीचं टोक बोटाभोवती. सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्यांच्या खानदेशी गल्लीतून ऑफिसच्या खुर्चीवर जाऊन बसणारी ही पहिली पोरगी, म्हणून गल्लीला तिचं कोण कौतुक! आणि तिला मात्र सदा वाटायचं, आपल्या हातून काहीतरी राहिलंय.

शेठ कुंदनभाईंच्या साड्यांचे गठ्ठे खडे चिकटवायला घरोघरी जात. कुठला गठ्ठा कुठल्या बाईकडे, हे वर्षा नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकी. एक गठ्ठा म्हणजे एक काम. परतीची तारीख सॉफ्टवेअरच ठरवी, आदल्या दिवशी बाईच्या मोबाइलवर निरोप तेच धाडी, आणि दोनदा उशीर झाला की यादीतून नावही तेच काढी. गेल्या महिन्यात वत्सलाबाईचं नाव असंच गेलं. वर्षाने कुंदनभाईंच्या किती विनवण्या केल्या, पण गेलेलं नाव परत काही आलं नाही.

त्यात फुकटच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पाचशेच कामं मावत. पाचशेएकावं टाकलं की 'मर्यादा पूर्ण' अशी लाल पाटी. वरचा प्लॅन घेऊ या म्हटलं की कुंदनभाई हसत आणि सांगत, जुनं काढ, नवं टाक, त्यात काय एवढं.

श्रावणात दिवाळीच्या मालाची घाई उडाली. गुरुवारी दुपारी शेवटचा गठ्ठा मावेना. झालेली कामं तिने आधीच पुसली होती, उरलेली पाचशे सगळी चालू. खाली टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. यादी वरखाली करताना एक ओळ दिसली, दोन महिन्यांपूर्वी तिनेच घातलेली: 'कानबाई. रविवार, सोमवार. गोडादरा बंद.' सुट्टीसुद्धा तिथे काम म्हणूनच सांगावी लागे. वर्षाला हसू आलं. कानबाईमाता श्रावणात कधी बसते हे खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ते काय लिहून ठेवायचं? तिने ओळ पुसली, गठ्ठा मावला, टेम्पो गेला.

रविवारी सुभद्राबाईकाकूच्या घरी कानबाई बसली. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन तापीवर विसर्जनाला न्यायचं, आणि तो मान यंदा वर्षाच्या आईचा, शोभाबाईचा. नऊ वर्षांनी पाळी आली होती. नवं हिरवं लुगडं आठवडाभर आधीच घडी करून ठेवलेलं.

वर्षा सकाळपासून काकूकडे नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळत होती. दुपार झाली तरी गल्लीतल्या बाया दिसेनात. आई तर 'आलेच' म्हणून गेली ती गेलीच. संध्याकाळी आरतीला चारच बाया, त्याही म्हाताऱ्या. वर्षा पिठाच्या हातांनीच घराकडे धावली.

दारं सताड उघडी आणि घरोघरी साड्या अंथरलेल्या. उपास धरलेल्या बाया खाली मान घालून खडे चिकटवत होत्या. आईने मान वर न करता मोबाइल पुढे सरकवला. सोमवारी सकाळी आठला माल जमा करा, असा निरोप त्याच सकाळी आला होता. सुट्टी पुसली तशी सॉफ्टवेअरने साऱ्या गल्लीच्या तारखा मंगळवारवरून अलीकडे ओढल्या होत्या.

"तुना हापिसमाईन मेसेज उना," आई म्हणाली. "आम्हले वाटनं, वर्षानी धाडा शे, म्हंजे गरजनंच व्हई."

वर्षाला रडू फुटलं. चूक माझी आहे, उठा सगळ्या, मी शेठला सांगते, असं ती दारोदार सांगत फिरली. पण तारखा बदलायचा हक्क एकट्या कुंदनभाईंचा, आणि ते नाथद्वाऱ्याला दर्शनाला गेलेले, फोन बंद. शिवाय वत्सलाबाईचं काय झालं ते बायांनी पाहिलं होतं. आईला तिने हात धरून उठवलं, तुझा गठ्ठा मी करते म्हणाली. आईने हात सोडवून घेतला. एवढ्या बाया बसलेल्या असताना तिला एकटीला जाणं जमेना.

सकाळी डफ वाजत कानबाई गल्लीतून गेली. सुभद्राबाईकाकूच्या डोक्यावर होती. शोभाबाई डोक्यावर साड्यांचा गठ्ठा घेऊन बाजूला उभी राहिली, एका हाताने गठ्ठा सावरत तिने दुसऱ्या हाताने नमस्कार केला आणि टेम्पोकडे चालू लागली.

मंगळवारी कुंदनभाई आले ते खुशीतच. सगळा माल वेळेत, एकही नाव उशिरात नाही. "जो, थई गयुं ने?" म्हणाले. सणातसुद्धा काम झालं ना, मग पुढच्या वर्षीही सुट्टी धरायची गरज नाही, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं. वर्षाने ऐकून घेतलं. मग घडलेलं सगळं, आपल्या चुकीसकट, सांगितलं. ते हिशेबाकडे वळले.

त्या दुपारी यादीत एक जागा रिकामी झाली. वर्षाने तिथे पुढच्या श्रावणातली कानबाई टाकली, सगळ्यांत वर. टेम्पोवाल्याने हॉर्न धरला तसे कुंदनभाई पाठीमागे येऊन उभे राहिले. वर्षभराने येणारी सुट्टी आज जागा अडवते, ती काढ आणि हा गठ्ठा टाक, म्हणाले.

वर्षाचे हात पहिल्यांदाच स्वस्थ मांडीवर होते.

"दुसरं काहीही काढा, कुंदनभाई," ती म्हणाली. "या सॉफ्टवेअरला एवढं एकच ठाऊक नव्हतं, आणि माझ्या आईची नऊ वर्षं गेली."

कुंदनभाईंनी ती ओळ तशीच राहू दिली आणि ते आत गेले. पाचशेएकावा गठ्ठा त्या दिवशी टेम्पोतच राहिला.