पाजणी राहिलेला चित्रपट

माझी पहिली कादंबरी म्हणजे एका घराच्या एकशे बारा याद्या होत्या. स्वयंपाकघरातली भांडी, लग्नात आलेल्या वस्तू, घरातून गेलेली माणसं, परत आलेली माणसं, कपाटाच्या खालच्या खणात सापडलेलं सामान. वर्णन नाही, संभाषण नाही. छापखान्याच्या मालकांनी शेवटची मुद्रितं माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "याद्या झाल्या छापून. आता गोष्ट कधी आणून देताय?"

मी काही जगावेगळं करायचं ठरवून बसलो नव्हतो. सोलापुरातल्या एका मिलच्या भांडारात मी कामाला होतो. दिवसभर कुठल्या फळीवर काय आहे ते लिहायचं, हेच माझं काम, आणि संध्याकाळी कागद पुढे घेतला की हात त्याच वळणाने जायचा. गावातल्या एका साप्ताहिकात मी चित्रांवर लिहायचो, तेही मोजपट्टी घेऊन. नाटकाच्या एका पडद्यावर रंगवलेला राजवाड्याचा दरवाजा राजा झालेल्या नटापेक्षा वीतभर बुटका आहे, असं मी छापलं. तो पडदा रंगवणाऱ्याने मला भर बाजारात गाठून चार माणसांसमोर झाडलं. पुढच्या पडद्याच्या वेळी मात्र तो गुपचूप माप विचारायला घरी आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण समीक्षक झालो.

मग चित्रपट. बोलपट सोलापुरात यायला अजून दोन-तीन वर्षं होती. ओळखीच्या एका डॉक्टरांकडे हाताने फिरवायचा कॅमेरा धूळ खात पडला होता, तो मी मागून आणला. विषय ठरलेला होता, हातमागावर एक लुगडं होतं कसं, एवढाच. नायक नाही, नायिका नाही, आणि पडद्यावर एकही अक्षर नाही.

ज्यांच्या मागावर मी चित्रण केलं ते साठीचे विणकर होते. घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखी मराठी. गल्लीतल्या सगळ्यांसारखा मीही त्यांना मामा म्हणायचो. मागावर उजेड पडावा म्हणून त्यांच्या छपराचे चार पत्रे काढावे लागले. मामा वर बघत म्हणाले, "पाऊस आला तर तुमी छत्री धरून हितं हुबं ऱ्हायचं. माझ्यावर न्हाय, मागावर." पाऊस आला नाही. पंधरा दिवसांत काम झालं आणि शेवटी तीन रिळं तयार झाली.

आता खरी अडचण थिएटरची. मालकांना सगळे अप्पा म्हणत. कानडी वळणाची मराठी, कपाळाला भस्म, बोलणं तोडून. त्यांनी पहिलं रीळ हातात घेऊन वजन केल्यासारखं वर-खाली केलं.

"मारामारी?"

"नाही."

"देव तरी?"

"नाही."

"मग लोक काय बघायचे, तुमचं तोंड?" मग स्वतःच हसले. "शनिवारी तीनचा खेळ देतो. लोक शेवटपर्यंत बसले तर आठवडाभर चालवू. उठून गेले तर डबे उचला, परत तोंड दाखवू नका."

मिलमधून मी बिनपगारी रजा घेतली होती, ती रविवारी संपत होती. मी मनाशी पक्कं केलं होतं, शनिवारी थिएटर रिकामं झालं तर सोमवारी भांडारात हजर व्हायचं आणि लिहिणं, चित्रं, कॅमेरा, सगळं कायमचं बंद. अर्धवट कामांची यादी मला ठेवता येत नाही.

शनिवारी सर्वांत आधी रागावले ते वाचक मास्तर. त्या काळात पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचून दाखवायला थिएटरात माणूस असायचा. आमचे मास्तर एक वाक्य मराठीत वाचत, लगेच कानडीत, मग तेलुगूत, आणि पुढच्या बाकांवरच्या मंडळींसाठी शेवटी दखनीत एखादा फटका. लोक नटांपेक्षा त्यांना ओळखत.

"पाटी एकसुद्धा नाही?" मास्तर म्हणाले. "मग मी वाचू काय?"

"काही वाचायचं नाही, मास्तर. लोकांना बघू द्या."

"अहो, सोलापूरचा माणूस थिएटरात बघायला येत नाही, ऐकायला येतो. बघा तुम्ही आता." आणि पडद्याशेजारच्या आपल्या खुर्चीवर हाताची घडी घालून ते बसले.

पहिलं रीळ सुरू झालं. बायका सुताच्या कांड्या भरताहेत, सूत फिरतंय, उभ्या सुताचा ताणा तयार होतोय. पेटीवाल्याने थोडं वाजवलं आणि कंटाळून थांबला. मागून शिटी आली. "मास्तर, झोपला काय?" "आरं, हे तर आमच्या घरात रोज चाललंय, हितं कशाला दाखवताय?" रीळ बदलायला दिवे लागले तेव्हा दहा-बारा माणसं दाराकडे निघाली. अप्पा दारातच उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त भुवया उचलल्या.

दुसऱ्या रिळात ताणा मागावर चढला, आणि बायकांच्या बाजूने एकदम आवाज आला, "अय्यो! पाजणी कुटं केली?"

मी खुर्चीतच गार झालो. पाजणी म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावून कुंच्यांनी ते विंचरायचं, म्हणजे मागावर सूत तुटत नाही. हे काम रस्त्यावर, गल्लीभर ताणा पसरून होतं. मी त्याचं चित्रण केलं होतं, चांगलं केलं होतं. पण तुकडे जोडताना मी भांडारातल्यासारखी यादी केली होती. भांडारात वस्तू जागेप्रमाणे लिहितात, वापराच्या क्रमाने नाही. घरातलं सगळं आधी, रस्त्यावरचं सगळं नंतर. माग घरात, म्हणून तो आधी. पाजणी रस्त्यावर, म्हणून ती तिसऱ्या रिळात. चित्रण करताना पंधरा दिवस मी त्या घरात होतो, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तुटतंय बघ आता!" कुणीतरी ओरडलं.

आणि पडद्यावर सूत तुटलं. मागावर सूत कधीतरी तुटतंच. मामा वाकून गाठ मारताहेत, असा एक तुकडा मी हौसेने ठेवला होता. सगळं थिएटर हशाने फुटलं. "तुटलं की! बिनपाजणीचं चढवलं, तुटणारच!" "कोण हाय ह्यो शहाणा? आरं, मामा! मामा हायत ते!" दाराशी गेलेली माणसं वळून परत आली. शेजारच्या गल्लीतला एक जण बाकावर चढून म्हणाला, "मामा, चाळीस वर्सं माग चालवून पाजणी इसरलात?"

मामा तिसऱ्या रांगेत बसले होते. नवा पटका बांधून, सुना-नातवंडांना घेऊन आले होते. ते उठले. प्रकाशाच्या झोतात आले, तशी त्यांची सावली पडद्यावरच्या त्यांच्याच पाठीवर पडली.

"म्या इसरलो न्हाय!" ते गरजले. "पाजणी म्या केली, लई झकास केली. ह्या सायबानं उलटं लावलंय! हात माझा बगा. गाठ बगा. अशी गाठ हाय का कुणाची?"

आणि पडद्याकडे बोट दाखवून ते सांगत सुटले. आडवं सूत नेणारा धोटा का असा फेकायचा, ते सूत ठोकून बसवणारी फणी किती जोराने ओढायची, काठ कुठे फसवतो. जिथे मराठी पुरेना तिथे तेलुगू. मास्तरांनी हाताची घडी सोडली. मग खुर्चीवर उभे राहून ते मामांचं एकेक वाक्य मराठीत, कानडीत आणि दखनीत फेकू लागले. कधी नव्हे ती त्यांना वाचायला जिवंत पाटी मिळाली होती. पेटीवाल्यानेही भाता मारला.

तिसरं रीळ लागलं आणि पडद्यावर पाजणी आली. सकाळच्या उन्हात गल्लीभर पसरलेला ताणा, दोन्ही अंगांनी कुंचे फिरवत चाललेली माणसं. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी. "आली अक्कल! आता पाजतोय!" पण हळूहळू हसणं थांबलं, कारण ते चित्र खरोखर सुंदर होतं, हे मी समीक्षक म्हणून सांगतो. सगळे माना पुढे काढून बघत राहिले. मामाही बोलायचे थांबले. शेवटी बाजारात लुगड्याची घडी उलगडली आणि गिऱ्हाइकाने काठावर बोट फिरवलं, तेव्हा टाळ्या पडल्या. चुकलेला विणकर शहाणा झाला आणि त्याचा माल खपला, अशी गोष्ट लोकांनी स्वतःच जुळवली होती. माझ्या चित्रपटात ती नव्हती.

एकही माणूस बाहेर गेला नव्हता. अप्पांनी उभ्याउभ्याच सांगितलं, "आठवडाभर. गर्दी झाली तर पुढचाही."

मी मामांकडे गेलो. "मामा, चूक माझी आहे. आज घरी जाऊन तुकडे बरोबर लावतो. उद्या पाजणी जागेवर येईल."

मामांनी पटका सारखा केला. "हात लावू नका."

"पण लोक तुम्हाला हसतात."

"हसू द्या की. बरोबर लावलंत तर म्या उठू कशाला? आन् उठलो न्हाय तर ह्यांना कळायचं कसं?" मागे मास्तर मान डोलवत होते. "आणि मी बोलू काय?" ते म्हणाले.

मी हात लावला नाही. रविवारी करमाळ्याकडची बाजाराला आलेली माणसंसुद्धा बाहेर रांगेत होती. मामा बरोबर त्याच जागी उठले, त्याच जोरात ओरडले, आणि गाठीवर थोडी भर घालून बोलले. साप्ताहिकात मी स्वतःच्या चित्रपटाचं परीक्षण लिहिलं. त्यात क्रमाची चूक पहिल्याच वाक्यात नोंदवली, आणि ती ठेवावी, असं दुसऱ्या वाक्यात.

सोमवारी मी वेळेवर मिलच्या भांडारात गेलो, पण किल्ल्या द्यायला. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "नोकरी सोडून काय करणार?"

"दुसरी कादंबरी. मग दुसरा चित्रपट."

"तो पहिला, उलटा लागलेला, तो तुमचाच ना? माझ्या घरचे उद्या जाणार म्हणतात."

"आजच पाठवा," मी म्हणालो. "पुढून तिसऱ्या रांगेच्या आसपास बसवा, म्हणजे मामा नीट ऐकू येतील."

कुठली किल्ली कुठल्या कपाटाची, ते त्यांना समजावून देण्यात अर्धा तास गेला. मग मी बाहेर पडलो. तीनला खेळ होता आणि दारात आतापासूनच माणसं जमली असणार होती.