आठ दिवसांचं नाव

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरता आलं नाही, आणि त्यात ना खून होता ना दरोडा. खरी नावं कुणाचीच देणार नाही. पण नावांशिवाय ही हकिकत सांगताच येत नाही, म्हणून ती बदलून देतो.

मी तेव्हा गिरगाव भागातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. लालबागच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलो. आमच्या मजल्यावरचा मी पहिला पदवीधर. बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी गिरणीत खाडा करून सगळ्या मजल्याला पेढे वाटले. हे मिरवायला सांगतोय म्हणा हवं तर. समोरचा माणूस आपल्याला वाचता येतो, असा मला तेव्हा फार भरवसा होता. या प्रकरणात तोच आडवा आला.

सकाळचे अकरा वाजले असतील. ठाणे अंमलदारासमोर पंचविशीतला एक मुलगा उभा होता. सातारा जिल्ह्यातला, गावाकडे मोबाईल दुरुस्तीचं दुकान. लग्नाला आठ दिवस झाले होते. बायकोनं कधी समुद्र पाहिला नव्हता, म्हणून तिला मुंबई दाखवायला आणलं होतं. सकाळी चौपाटीवर ती गर्दीत दिसेनाशी झाली. नाव सानिका, वय बावीस, हिरवी साडी, हातात हिरवा चुडा. तिच्याजवळ फोन नव्हता. सासरी गेल्यावर नवा घेऊ म्हणून जुना धाकट्या भावाला देऊन आली होती.

मी मिसिंगची नोंद घ्यायला सांगितली. वायरलेसवर वर्णन दिलं, फोटो बीट मार्शलच्या मोबाईलवर पाठवला. चौपाटीवरच्या चौकीतून लाउडस्पीकरवर पुकारा सुरू झाला आणि आमची गाडी वाड्यावाड्यांतून तेच सांगत फिरू लागली: सानिका, जिथे असाल तिथून पोलीस चौकीवर या, तुमचे पती वाट पाहत आहेत.

अर्ध्या तासानं ही दोघं उतरली होती त्या लॉजच्या मॅनेजरचा फोन आला. म्हणाला, साहेब, उगाच कुणाचं नाव घेत नाही, पण काल संध्याकाळी त्यांच्या खोलीतून भांडणाचा आवाज येत होता. बाई रडत होत्या. आज सकाळी दोघं गेली आणि साडेनऊला हा एकटाच परत आला. मॅडम कुठे विचारलं तर म्हणाला, येईल मागून. दीड तास खोलीत बसून होता.

दीड तास. नवी नवरी परक्या शहरात हरवते आणि नवरा दीड तास खोलीत बसतो. मी त्याला आत घेतलं आणि दार लावलं.

मी मारझोड करणारा अधिकारी नव्हतो. माझी पद्धत वेगळी. एकच प्रश्न चार वेळा, चार तऱ्हांनी विचारायचा. भांडण कशावरून? तिची आत्या काळाचौकीला राहते, तिला भेटायचं होतं. याला मित्राकडे जेवायला जायचं होतं. एवढंच? एवढंच. मग सकाळी काय झालं? ती पुढे चालत होती, साहेब. मी हाक मारली. तिनं ऐकलं नाही. परत मारली. मान वळवली नाही. मला वाटलं कालचा राग आहे, मुद्दाम करते. मग माझंही डोकं फिरलं. म्हटलं येईल मागून, आणि मी लॉजवर गेलो.

मी त्याचा फोन मागितला. दोन दिवसांचे चाळीस-पन्नास फोटो होते. गेटवे, लाँच, राणीची बाग, मरीन ड्राइव्हचा कठडा. प्रत्येक फोटोत ती एकटी, आणि एकातही कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. कुठे समुद्राकडे, कुठे पक्ष्यांकडे. मी मनाशी पक्कं केलं: हे लग्न मुलीच्या मर्जीविरुद्ध झालं आहे. एक तर ती पळाली, नाहीतर यानं काहीतरी केलं आहे. तसं त्याला तोंडावर सांगितलंही. तो पोरगा टेबलावर डोकं ठेवून रडू लागला. मला वाटलं, आता कबुली येणार.

खोलीत आमच्या एक महिला हवालदार होत्या. परळच्या, दहावी झालेल्या, दोन मुलांची आई. त्या फोन घेऊन फोटो परत परत बघत होत्या. मला म्हणाल्या, "साहेब, रागावू नका, मी एक विचारू?" आणि त्याच्याकडे वळून, "काय रे बाळा, फोटो काढताना तू तिला काय म्हणायचास?"

"सानिका, इकडे बघ."

"हे नाव तिचं कधीपासूनचं?"

त्यानं डोळे पुसले. मग म्हणाला, "लग्नातलं. ताटात तांदळावर लिहिलं ते."

"घरी कोण मारतं या नावानं हाक?"

त्यानं आठवून बघितलं. आई नवरी म्हणायची, बहीण वहिनी म्हणायची. हा स्वतः घरात नुसतं अगं. नावानं हाक मारायची वेळ आली ती मुंबईत, गर्दीत.

"आणि माहेरचं?"

"मंगल."

हवालदारबाईंनी फोन माझ्यापुढे ठेवला. आम्ही सगळे चार तास सबंध गिरगावात अशा बाईला शोधत होतो, जी अजून झालीच नव्हती.

गाडी परत काढली. या वेळी त्याला पुढे बसवला आणि माईक त्याच्याच हातात दिला. हे नाव त्यानं आजवर तोंडातून काढलंच नव्हतं. "मंगल," तो म्हणाला, "मंगल, मी आलोय." तिसऱ्या वाडीत, लाकडी जिन्यांच्या चाळींमध्ये एक लहानसं देऊळ आहे. त्याच्या सभामंडपातून हिरव्या साडीतली मुलगी धावत बाहेर आली. पायात चप्पल नव्हती.

त्यांच्या गावाकडे जत्रेत माणूस चुकलं की त्यानं देवळात जाऊन बसायचं असतं. शोधणारा तिथंच येतो. गावात देऊळ एक. गिरगावात ती वाडीगणिक आहेत, हे तिला कोण सांगणार? सकाळपासून ती तिथं बसून होती. पुजाऱ्यांनी दिलेला नारळाचा तुकडा पदराच्या टोकाला तसाच बांधलेला होता. तिला वडिलांचा नंबर पाठ होता, पण फोन केला नव्हता. आठ दिवसांत पोरगी हरवली म्हणून माहेरी कसं कळवायचं, ही लाज.

जबाब घेताना मी विचारलं, सकाळपासून आमची गाडी दोनदा त्या वाडीवरून गेली, पुकारा ऐकू आला नाही का?

"आला की," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्यासारखीच कुणीतरी हरवलीय बिचारी. मी देवाला म्हटलं, तिला तरी सापडू दे."

नवरा खाली मान घालून उभा होता. मी त्याची माफी मागितली, ठाणे अंमलदारासमोर मागितली. मग दोघांना आमच्या गाडीनं काळाचौकीला आत्याकडे सोडायला लावलं. जाताना हवालदारबाईंनी त्याला एवढंच बजावलं, "नाव ठेव बाबा काय ठेवायचं ते. पण आधी तिची नि त्या नावाची ओळख तर होऊ दे."

त्या दिवसापासून मी तपासात एक नियम पाळला. हरवलेल्या माणसाला लोक काय म्हणतात ते लिहून घ्यायचंच, पण तो कोणत्या नावाला वळून बघतो हे आधी विचारायचं. पुढे कनिष्ठांनाही तेच शिकवलं. पदवीनं मला प्रश्न चार तऱ्हांनी विचारायला शिकवलं होतं, पण नेमका प्रश्न दहावी झालेल्या बाईंना सुचला, हेही सांगत आलो.

त्या संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोला ही गोष्ट सांगितली. ती मालवणकडची. माहेरचं नाव द्वारका. लग्नात मी तिचं नाव सुनीता ठेवलं होतं, मला ते शिकलेलं वाटायचं म्हणून. मी म्हटलं, तुला द्वारका म्हणून हाक मारू का? ती भाकरी थापत होती. म्हणाली, "आता कशाला? त्या नावानं हाक मारणारे सगळे गेले. एक मैत्रीण होती शाळेतली, तिचाही पत्ता नाही." मी हसलो आणि विषय तिथंच राहिला.

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. मुलगी परदेशात असते. घरात मी, आणि तिच्या सवयीमुळे अजून न काढलेला जुना लँडलाईन फोन. तो वाजतच नाही. गेल्या वर्षी एकदा भर दुपारी वाजला. पलीकडे कुणी म्हातारी बाई होती, आवाज कापरा.

"द्वारका आसा काय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "राँग नंबर," आणि रिसीव्हर ठेवला.

चार पावलं चाललो असेन, तेव्हा लक्षात आलं. परत येऊन फोनजवळ खुर्ची ओढून बसलो. त्या जुन्या यंत्रावर कुणाचा फोन होता ते दिसत नाही. बाईनं परत केला नाही. खुर्ची मी अजून तिथून हलवलेली नाही.