मी नवऱ्याचं नाव घेतलं

"नवऱ्याचं नाव सांग."

डॉक्टर खुर्चीत बसलेले. मी समोर स्टुलावर. शहरातला मोठा दवाखाना, वेड्यांचा. भिंतीला लागून शिकाऊ डॉक्टर उभे, पांढऱ्या कोटातली पोरं-पोरी. मी पदर पुढं ओढला आणि फरशीकडं बघत राहिले.

"बोल ना. नवऱ्याचं नावसुद्धा माहीत नाही?"

"ते बाहेर बसले हायत," मी म्हटलं. "त्यायलेच विचारा."

सगळे हसले. डॉक्टरांनी पेन्सिलीचं टोक माझ्या हनुवटीखाली लावलं, तोंड वर केलं आणि पोरांना इंग्रजीत काहीतरी समजावलं. हात नाही लावला. पेन्सिल लावली.

नवऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं? पण आमच्याकडं बाई ते तोंडानं घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. उखाण्यात घ्यायचं, तेही चारजणींनी वाट अडवल्यावर. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की माझ्या नवऱ्याचं शेजारीण सांगायची, तिच्या नवऱ्याचं मी सांगायची. त्या भिंतीजवळच्या पोरांच्या आयासुद्धा घरी 'अहो' म्हणूनच हाक मारत असतील. त्यांना कुणी स्टुलावर बसवलं नव्हतं.

"आज तारीख काय?"

"पोळा होऊन तिसरा दिवस."

पुन्हा हसू. बरोबर सांगितलं होतं मी.

"मेलेल्या मुलीला दूध पाजतेस म्हणे?"

आता कुणी हसलं नाही. माना मात्र सगळ्यांच्या पुढं झाल्या.

मी तिथवर कशी पोचले ते सांगते. आणीबाणी उठली त्या साली पावसाळ्यात रोवणा चालू होता, म्हणजे धानाची लावणी. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडली जमीनदारी, कायद्यानं कधीच गेली होती, पण आमचा मालगुजार होता तिथंच होता. तळ्याखालच्या सगळ्या बांध्या, धानाची वावरं, त्याच्या. आम्ही बाया गुडघाभर चिखलात वाकलेल्या. लेकरं तळ्याच्या पाळीवर, मोहाच्या झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. माझी सगुणा पाच महिन्यांची. सकाळपासून तिचं अंग तापलेलं. दुपारी तिचं रडणं थांबलं, तशी मी हातातली रोपं टाकून वर निघाले. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, मालगुजार छत्री घेऊन उभा होता.

"कुठी चालली?"

"पोरगी कशीतरीच करून राहिली, मालक. रडणं बंद झालं तिचं."

"बंद झालं त चांगलंच हाय. झोपली असंन. एवढी बांधी होऊ दे, मंग जाय."

मी बाजूनं जायला लागले. त्यानं छत्री मिटली आणि वाटेत आडवी धरली. मी डावीकडं सरकले की छत्री डावीकडं. मी उजवीकडं, छत्री उजवीकडं. त्याला हसू येत होतं. मागं बाया वाकून रोवत होत्या, कुणी मान वर केली नाही. बांधी संपली तेव्हा त्यानं वाट दिली. झोळीतली सगुणा गार पडली होती.

दात न आलेल्या लेकराला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिथंच मोहाखाली पुरली. पोर गेली, पण दूध कुठं जातं? छाती दगड व्हायची. चोळी भिजायची. अंगावरचं दूध आम्ही कुणाच्या पायाखाली येऊ देत नाही, झाडाच्या बुडाशी सोडतो. मी मोहाच्या बुडाशी सोडायची. माझी पोर तिथं होती, मी आणखी कुठं सोडणार होते? आणि तिथं बसून मोठ्यानं म्हणायची, मालगुजारानं मारली माझी पोर. रोज म्हणायची. बांध्यांतल्या बायांना ऐकू जायचं.

दुधाचं कुणाला काही वाटलं नव्हतं. गावातल्या बाया ते जाणून होत्या. खुपत होतं ते माझं बोलणं.

मालगुजारानं नवऱ्याला घरी बोलावलं. अंगणात उभं ठेवून म्हणाला, "तुह्या बायकोचं डोस्कं फिरलं. माहा साळा तिकडं मोठा डॉक्टर हाय. त्याच्याकडं घेऊन जाय."

नवरा माझा वाईट नव्हता. त्यालाही त्याच बांध्यांत राबायचं होतं. एसटीत तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "मालकानं कायी केलं नायी, एवढंच म्हण तिथं. मंग आपण घरी जाऊ. नायी त ते तुले ठेवून घेतीन." मग खिडकीकडं तोंड करून रडला. मीही रडले. पोर गेल्यावर आम्ही दोघं एकत्र रडलो ते तेवढंच.

तर मी त्या स्टुलावर होते. डॉक्टरांचा आवाज आता एकदम मऊ झाला.

"मुलगी तापानं गेली ना? पावसाळ्यात लेकरं जातात, बाई. कुणाचा दोष नसतो त्यात. हो ना?"

नुसती मान हलवायची होती. संध्याकाळच्या गाडीनं घर. मला घर हवं होतं. देवाशपथ हवं होतं. पण मान हलली असती तर सगुणा कायमची तापानं गेली असती.

"मालगुजारानं मारली," मी म्हटलं.

डॉक्टर पोरांकडं वळले. या खेपेला मराठीतच बोलले, मला कळावं म्हणून. "बघा. नवऱ्याचं नाव सांगता येत नाही, तारीख सांगता येत नाही. पण मुलीला कुणी मारलं ते पक्कं ठाऊक! याला संशयाचं वेड म्हणतात."

नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून मी तोंड मिटलं होतं. माझ्या त्याच मिटल्या तोंडाचा यांनी पुरावा केला, आणि त्या पुराव्याखाली हे लोक माझी पोर दुसऱ्यांदा पुरत होते.

मी उठले. पदर पडला. पडू दिला. दाराकडं बघून ओरडले, "दशरथ!"

नवरा दारात आला. त्यानं माझ्या तोंडून स्वतःचं नाव कधी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. याचं आयुष्य आपण आत्ता तोडलं, असंच वाटलं मला. तरी थांबले नाही.

"हा दशरथ. माहा नवरा. तारीख तुमच्या मागच्या कॅलेंडरवर हाय, मले वाचता येते. मी सातवी शिकली, थे तुमी विचारलं नायी. तुमच्या बहिणीच्या नवऱ्यानं छत्री आडवी लावून मले माह्या पोरीजवळ जाऊ देलं नायी. तिचं नाव सगुणा. नवऱ्याचं नाव विचारलं. तिचं नायी विचारलं."

भिंतीजवळची एक पोरगी खाली बघायला लागली. बाकीचे डॉक्टरांकडं बघत होते. डॉक्टर म्हणाले, "आत घ्या हिला."

घेतलं. दसरा, दिवाळी आतच गेली. गोळ्यांनी जीभ जड झाली, चालताना पाय घासायचे. दूध आटलं. ज्या सकाळी चोळी कोरडी निघाली त्या सकाळी मी खूप रडले. तेही त्यांनी वेडातच धरलं असेल.

दशरथ मला न्यायला आला नाही. माझा भाऊ आला. पुढं दशरथनं दुसरी केली, तिची लेकरं मोठी झाली. तो अजून धडधाकट आहे. माझ्या नाव घेण्यानं त्याचं काहीसुद्धा झालं नाही.

माहेरी न राहता मी सगुणा पुरली त्याच गावात परतले. बिड्या वळून पोट भरते, मालगुजाराच्या बांधीत पाय घालत नाही. पण रोवणा लागला की रोज पाळीवर जाते. मोहाखालच्या एकेका झोळीत हात घालून बघते. लेकराचं अंग गरम लागलं की त्याच्या आईला नावानं हाक मारते. "वर ये. आत्ताच्या आत्ता ये." पहिल्या वर्षी कुणी आलं नाही. आता येतात.

आता धुऱ्यावर मालगुजाराचा पोरगा असतो. मला बघून म्हणतो, "आली येडी."

गेल्या पावसाळ्यात एक बाई माझ्या हाकेनं वर निघाली, तर त्यानंही बापासारखीच छत्री आडवी धरली. मी ती त्याच्या हातातून हिसकली, गुडघ्यावर मोडली आणि बांधीत फेकली. सगळ्या बाया सरळ उभ्या राहून बघत होत्या.

यंदा त्यानं नवी छत्री आणली आहे. धरली तर तीही मोडीन.