तोच फोटो दोनदा

बाबांच्या गालाला कॅन्सर निघाला तेव्हा मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत कॅन्सरवरच पीएचडी करत होते. आटगावजवळच्या आमच्या गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं, की पोरगी कॅन्सरचं औषध शोधते. आमचा पेपर नुकताच एका संशोधन-नियतकालिकात छापून आला होता. आमच्या रसायनाने तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी मरतात, असं त्यात म्हटलं होतं. पेशी मी वाढवल्या होत्या. फोटो निवडून पेपरात लावायचं काम माझ्या मार्गदर्शक सरांकडे होतं. हे सगळं काचेच्या बशीतलं आहे, माणसाला द्यायला कितीतरी वर्षं लागतील, असं मी घरी परोपरीने सांगितलं. बाबा म्हणायचे, "चालंल. मी थांबतो."

मग परदेशातल्या कुणीतरी दाखवून दिलं, की आमच्या पेपरातला पेशींचा फोटो सरांच्या एका जुन्या पेपरातही आहे. तिथे तो यकृताच्या कॅन्सरचा होता. आमच्याकडे नुसता उलटा फिरवून लावला होता. संपादकांनी मूळ फोटो मागितले. मी काढलेले सगळे दिले, पण छापलेल्याशी एकही जुळेना. सर म्हणाले, "नजरचुकीने लागला असेल." पेपर मागे घेतला गेला. त्यावर माझंही नाव होतं, आणि माझा प्रबंध त्याच कामावर उभा होता.

घरी गेले तेव्हा रेडिएशनने बाबांचं तोंड आतून सोललं होतं. आई त्यांना चमच्याने पेज भरवत होती.

"तुज्या औषधाचा काय झाला गो?" तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं.

"मंग औषध खोटा?"

"माहीत नाही, आई."

"तुला नाय म्हाईत, तं कोनाला म्हाईत?"

माझ्या बशीतल्या पेशी मरताना मी पाहिल्या होत्या. पण आता माझाच माझ्या डोळ्यांवर विश्वास उरला नव्हता. तो प्रयोग पुन्हा करून बघायला कुणी तयार नव्हतं.

बाबांनी चमचा बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडले. पुढच्या रेडिएशनला ते उठलेच नाहीत. "बाबा, हे इस्पितळातले उपचार खरे आहेत, ते नका सोडू," म्हणून मी पाय धरले. ते हळूच म्हणाले, "तवा तू पन खराच सांगत व्हतीस."

भाताची झोडणी चालू असताना ते गेले. उपचार पूर्ण केले असते तर वाचले असते का, हेही मला कुणी सांगू शकत नाही. प्रबंध मी सोडून दिला. आता मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवते. सर अजून त्याच जागेवर आहेत.