लोक काठीकडं बघत होते

२००५ साल, मी बहात्तर वर्षांचा. जत तालुक्यातल्या आमच्या गावात दारासमोर मुंबईला जाणारी जीप उभी, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवतोय, आणि मी नव्या बुटांसकट ज्ञानूच्या रानात कडुनिंबाचं बेचकं हातात धरून चालतोय. मी पाणाड्या. विहीर कुठं पाडायची, बोअर कुठं मारायची ते सांगणारा. ज्ञानू म्हणाला होता, "आबा, परदेशाला निघालाय, परत कवा घावताय? जाता जाता तेवढी जागा दावा." अर्धं गाव बांधावर उभं होतं. बेचकं खाली वळलं, ज्ञानूनं तिथं दगड ठेवला, मी जीपमधे बसलो. मागं वळून बघतो तर मला निरोप द्यायला आलेली माणसं माझ्याकडं पाठ करून त्या दगडाभोवती उभी. मला वाईट वाटलं नाही. उलट छाती फुगली.

दोन महिन्यांनी ज्ञानूचा फोन आला. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला होता. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "तुमची चूक न्हाई आबा. जीपवाला हॉर्न वाजवत हुता, काठीचं ध्यान चुकलं." मी म्हणालो, "व्हय, तसंच असंल." हे 'व्हय' ध्यानात ठेवा. त्याच्यासाठीच हे लिहायला बसलोय. माझं शिक्षण चौथी, तेव्हा शुद्धलेखन बघू नका.

बायको वारली, पोरगं न्यूझीलंडला. शिकायला म्हणून गेलेला संजय हॅमिल्टनला नोकरीला लागला आणि तिथलाच झाला. सून वैशाली पुण्याची, दूध तपासायच्या लॅबमधे कामाला. दोघांनी बोलावलं म्हणून गेलो. ऑकलंडच्या विमानतळावर साहेबानं माझी पिशवी उघडली. लोणचं बघितलं, ठेवलं. बेचकं बघितलं आणि उचललं. लाकूड देशात आणता येत नाही म्हणे. "सॉरी सर" म्हणून त्यानं ते अलगद पिंपात टाकलं. बापापासून चालत आलेला धंदा त्या पिंपात गेला असं मला वाटलं. गाडीत वैशाली म्हणाली, "आबा, इथे इतका पाऊस पडतो ना, की पाणी शोधायची गरजच नाही." ती समजूत घालत होती. मला ती शिवी वाटली. महिनाभर मी तिच्याशी कामापुरतं बोललो, इतका मी हेकट.

मला पुन्हा माणसांत आणलं ते शेजारच्या हेमीनं. हेमी माओरी, दुधाचा टँकर चालवायचा. दाराएवढा माणूस, पायात बारा महिने जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला. पहिल्या दिवशी कुंपणावरून "किआ ओरा" म्हणाला, मी हात जोडले. त्या दिवसापासून त्यानं मला कोरो म्हणायला सुरुवात केली. कोरो म्हणजे आजोबा. माझा सख्खा नातू मला इंग्रजीत उत्तर देतो, आणि हा पन्नाशीचा परका माणूस मला आजोबा म्हणतो. बेचक्याची गोष्ट वैशालीकडून कळल्यावर तो तसाच गेला आणि नदीकाठच्या विलो झाडाचं बेचकं कापून घेऊन आला. साल सोलून, कडा घासून गुळगुळीत केलेलं. ते मी उशाशी ठेवून झोपायचो.

मी त्याला चहा दिला. त्यानं नको म्हटलं. दुसऱ्यांदा दिला, तरी नको. मला राग आला. मग वैशालीनं सांगितलं, "आबा, ते मॉर्मन पंथाचे ख्रिस्ती आहेत. त्यांच्या धर्मात चहा-कॉफी नाही." चहा न पिणारा माणूस इतका चांगला असतो हे मला त्या वयात कळलं. मग मी त्याला सुंठ-गुळाचं पाणी द्यायचो. त्याची बायको मेरे बटाट्याच्या आंबवणाचा पाव करून आणायची.

त्यांचं पांढरं देऊळ हॅमिल्टनबाहेर टेकडीवर आहे. मेरेनं सांगितलं की तिथं नवरा, बायको, पोरं यांची अशी गाठ बांधतात की मेल्यावरही ती सुटत नाही. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या माणसाला प्रॉफेट म्हणतात, आणि देव त्याच्याशी आजही बोलतो असं ते मानतात. मला काही नवल वाटलं नाही. आमच्याकडंही देव गप्प बसलेला नाही. पण अशा ठिकाणी एक होतं. देव बोलतो हे एकदा मान्य झालं, की कोणी ना कोणी उठतो आणि म्हणतो, आता तो माझ्याशी बोलला.

तसा एक उठला. ग्लेन नावाचा. आधी लोकांच्या घरात गालिचे बसवायचा. म्हणाला, मोठं चर्च वाट चुकलंय, खरी आज्ञा मला झालीय. चर्चनं त्याला काढलं. त्यानं रॅग्लनच्या वाटेवर डोंगराच्या उतारावर शेत घेतलं आणि वीस-पंचवीस माणसं त्याच्याबरोबर राहायला गेली. रविवारी पांढरा शर्ट, टाय घालून चर्चला जाणारा हेमी आता साध्या कपड्यांत तिकडं जायला लागला. मेरे जाईना.

२००८ च्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या जानेवारीत, ग्लेनच्या शेतातली बोअर आटली. हेमी म्हणाला, "कोरो, तुम्ही चला." तीन वर्षांत मला कुणी असं बोलावलं नव्हतं. मी धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली, विलोचं बेचकं घेतलं.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो, जी कुणी सांगत नाही. माझा बाप म्हणायचा, "काठीकडं लोकांनी बघावं. तू भुईकडं बघ." मी भुईकडं बघितलं. सगळा उतार पिवळा पडलेला, आणि एका ठिकाणी हाताएवढ्या रुंदीचा लव्हाळा हिरवागार. मेंढरांची वाट तिथं येऊन वळलेली. ज्यांना जन्मभर पाणी नळाला मिळालं त्यांना ते दिसलं नाही. जतच्या माणसाला पन्नास पावलांवरून दिसतं. मी सावकाश, इकडून तिकडून फिरत, उगाच थांबत तिथं गेलो आणि बेचकं वळलं. मशिनवाल्यानं खणलं, आठ फुटांवर पाणी लागलं.

लोक रडले. ग्लेननं माझा हात धरून वर केला आणि काहीतरी मोठ्यानं म्हणाला. वैशाली बरोबर होती, तिनं हळूच सांगितलं, "म्हणतोय, पूर्वेकडून एक म्हातारा येऊन पाणी दाखवेल हे मला आधीच सांगितलं गेलं होतं." मी त्याला नाही म्हणू शकत होतो. वीस माणसं माझ्याकडं बघत होती. मी हात वरच राहू दिला.

पंधरा दिवसांनी मेरे आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हातात पाव नव्हता. हेमी घर सोडून चालला होता. ग्लेननं सांगितलं होतं की या रविवारी जे कायमचे येतील ते आत, नंतर दार बंद, आणि मागं राहिलेल्यांना मेलेलं समजायचं. त्यात बायकोही आली. मेरे म्हणाली, "आमची टेकडीवर तिघांची गाठ बांधलीय. मी ती सोडणार नाही. तो कुंपणावर बसला होता, कोरो. तुमचं पाणी बघून पलीकडं उतरला." मग वैशालीकडं न बघता, मला समजेल अशा साध्या शब्दांत तिनं विचारलं, "ट्रू, कोरो?"

मी उठून सुंठ-गुळाचं पाणी उकळायला ठेवलं. ते न पिताच ती उठली. ती गेल्यावर वैशाली म्हणाली, "आबा, मला कळत नाही. इतकी चांगली माणसं फसतात कशी?"

मी म्हणालो, "फसतात म्हणू नकोस. मी पण चांगल्याच माणसांना पाणी दाखवलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. ज्ञानूचा फोन आला तेव्हा ती तिथंच बसली होती. म्हणाली, "मग आता तुम्ही काय करणार?"

मी म्हणालो, "माझ्याबरोबर चल. बोलायचं मला आहे, इंग्रजी तुझं."

शनिवारी संध्याकाळी आम्ही गेलो. ऊन अजून भरपूर होतं. हेमी परसात पेटी भरत होता. मी सांगितलं, पाणी मी लव्हाळा बघून दाखवलं, काठी काही करत नाही. माझ्या हातून किती विहिरी कोरड्या गेल्या ते सांगितलं. घरच्या रानात मी तीन जागा दाखवल्या, तिन्ही कोरड्या, तेही सांगितलं. वैशालीनं ते सगळं इंग्रजीत सांगितलं.

हेमी शांतपणे म्हणाला, "पण पाणी लागलं, कोरो."

माझा ज्ञानू मला तिथं दिसला. जीपचा हॉर्न शोधून काढणारा. माणसाला एकदा पाणी दिसलं की त्याला कोरडं मोजता येत नाही, आणि दोष असला तर तो हॉर्नचा असतो.

मी म्हणालो, "माझे डोळे बांध. या परसात पाण्याचा पाइप तू स्वतः पुरलायस. मला ठाऊक नाही कुठं. बघ ही काठी सांगती का."

वैशालीनं ओढणी दिली. हेमीनं डोळे बांधले, मला तीन वेळा गोल फिरवलं. खरं सांगतो, चालायला लागलो तेव्हा मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की सापडेल. साठ वर्षं मी लोकांना फसवत होतो असं मी कधी म्हटलं नव्हतं, स्वतःलाही नाही. बेचकं वळलं. "इथं." हेमी म्हणाला, "नो." पुन्हा फिरवलं, पुन्हा वळलं, पुन्हा "नो." तिसऱ्यांदा ओढणी सोडली तेव्हा मी कपडे वाळत घालायच्या दांडीखाली उभा होतो. पाइप पार त्या टोकाला, मेरेच्या भाजीच्या वाफ्याकडं. मी खाली गवतात बसलो.

हेमी माझ्यासमोर बसला. म्हणाला, "कोरो, ग्लेन माझ्या मुलीचं नाव घेतो. रोज. म्हणतो ती जवळ आहे. चर्चमधे पहिलं वर्ष सगळे विचारायचे, मग थांबले."

तीन वर्षं मी त्याच्या बायकोचा पाव खात होतो. त्यांच्या भिंतीवर एका पोरीचा फोटो आहे हे मी बघितलं होतं. ती गाडीच्या अपघातात गेली इतकं ठाऊक होतं. नाव विचारलं नव्हतं. मी वैशालीकडं न वळता माझ्या इंग्रजीत विचारलं, "नेम?"

"अरोहा," तो म्हणाला.

स्वयंपाकघराच्या दारात मेरे उभी होती. तिनं हातातलं फडकं टाकलं. नंतर कळलं की ती रडेल म्हणून तो घरात ते नाव घेत नव्हता आणि तो रडेल म्हणून ती घेत नव्हती. ती येऊन गवतात बसली आणि म्हणाली, "पाइप पुरायला तीच होती मदतीला. सगळा वाकडा पुरला तुम्ही दोघांनी." हेमी म्हणाला, "ती म्हणाली, स्वीट अ‍ॅज, डॅड, झकास झालंय, पाण्याला काय कळतंय." मग दोघं बोलतच राहिली. मी आणि वैशाली गवताच्या कडेला बसून ऐकत होतो.

ग्लेनशी देव बोलत होता की नाही ते मला चौथी शिकलेल्याला ठाऊक नाही. पण त्याला लव्हाळा बरोबर दिसायचा. माणूस कुठं ओला आहे ते तो बघायचा, आणि काठी तिथंच वळायची. अशा माणसामागं लोक वेडेपणानं जात नाहीत. ती ओल खरी असते, आणि दुसरं कुणी तिच्याकडं बघितलेलं नसतं. मी शेजारी राहत होतो. मीही बघितलं नव्हतं.

त्या शेतावर अजूनही काही माणसं आहेत म्हणतात. त्यांना मी हसणार नाही.

तर गावच्या मंडळींनो, आणि गाव सोडून माझ्यासारखं कुठं कुठं गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठीही लिहिलंय. ज्ञानू, हॉर्नचा काही दोष नव्हता. शिव्या घालायच्या तर मला घाल. तुम्ही मला मान दिला, भाकरी दिली, त्याचे उपकार फिटायचे नाहीत, पण तुमच्यात राहून हे मला बोलता आलं नसतं. तिथं मी पाणाड्या होतो. इथं माझी काठी तीनदा खोटी पडली, आणि त्याच संध्याकाळी मेरेनं विचारलं, "कोरो, पाव खाणार?" घर म्हणजे आता मला तेवढंच कळतं. जिथं माझं काही चालत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी माझ्यासाठी ताट मांडलेलं असतं. वैशालीशी मी आता कामाशिवायही बोलतो. तिला विचारा.

त्या रात्री मात्र हेमीनं भरलेली पेटी रिकामी केली नव्हती. जातो म्हणाला नाही, राहतो म्हणाला नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, रविवारी, सगळ्यांच्या आधी उठून आंघोळ केली, टोपी घातली आणि जाऊन हेमीच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. इथं कोणी गाडीला कुलूप लावत नाही. पट्टा रोज मला वैशाली लावून देते, त्या दिवशी माझा मी लावला. थोड्या वेळानं मेरे आली, मला बघितलं आणि शेजारी बसली. तिनंही पट्टा लावला. मग हेमी पेटी घेऊन बाहेर आला.

"कोरो, उतरा," तो म्हणाला.

मी मानेनंच नाही म्हटलं. शेताकडं जायचं तर मी लव्हाळ्याचं सगळ्यांना सांगायला येणार होतो. टेकडीकडच्या चर्चला जायचं तर गाणी ऐकायला. इतकं इंग्रजी मला येत नव्हतं, म्हणून नुसता बसून राहिलो.

तो गाडीकडं बघत उभा राहिला. मग पेटी पायरीवर ठेवली, आत गेला, आणि बाहेर आला तो पांढरा शर्ट घालून, गळ्यात टाय बांधत.