शंख वाजलाच नाही

…आणि पेन्सिल चघळत बसू नकोस कातेल, लिही. पाद्रीबाबांनी अक्षरं शिकवली ती माश्या मारायला नव्हेत. कुठं होते मी? हां, तुझा आजोबा गेनोले.

दिसायला काही राजबिंडा नव्हता. नाक मोडलेलं, चाल फेंगडी. पण कसावाच्या कंदाची भाकरी मोडली की मोठा तुकडा समोरच्याला. एरवी रानडुकराचं मांस धुरावर सुकवायचा, आणि वर्षातून दोनदा आपल्या पेती-ग्वावच्या बंदरातून स्पॅनिश गावं लुटायला निघायचा. फ्रान्सच्या राजाचा परवाना होता म्हटलं! समुद्री चाचा म्हणणाऱ्याचं थोबाड फोडायचा.

आपल्यात एकटा कुणी जात नाही. प्रत्येकाला जोडीदार. एकानं गावात शिरायचं, दुसऱ्यानं होडीपाशी शंख घेऊन उभं राहायचं. संकट दिसलं की तीनदा फुंकायचा, आणि जोडीदार येईस्तोवर हलायचं नाही. एक मेला तर त्याची बंदूक, घरदार, सगळं दुसऱ्याचं. गेनोलेचा जोडीदार तांगी. सात वर्षं एका झोपडीत राहिलेले. गोडबोल्या मेला! माझ्या लग्नात नवऱ्यापेक्षा तोच जास्त रडला.

एका खेपेला तांगी एकटाच परत आला.

"वहिनी, फुंकून फुंकून ओठ फुटले माझे. धावत गेलो तर संपलं होतं सगळं. त्याचे डोळे मी या हातांनी मिटले."

ओठ खरंच फुटलेले होते गं. मी त्यांना मध लावला.

रिवाजाप्रमाणं घर त्याचं झालं. वर्षभरानं मीही झाले. मग तुझा बाप जन्मला. हात का थांबला? हो, मालो तांगीचा. तसंच लिही.

मालो रांगायला लागला होता. भर दुपारी मी कसावा किसत होते, आणि दारात एक दाढीवाला उभा. घोट्यांवर स्पॅनिश बेड्यांचे वळ. मी चालीवरून ओळखलं. तांगी मांसाखाली धूर घालत होता, तो वळला.

"गेनोले… तू जिवंत?"

"का रे, अडचण झाली?"

तांगी हसायला गेला, जमलं नाही.

"किती वेळा फुंकलास?" गेनोलेनं विचारलं.

"तीनदा. हिला विचार ना."

"हिला काय विचारू? मी टेकडीवर होतो, तांगी. तू वल्ही मारत चालला होतास, शंख गळ्यात लोंबत होता. मला वाटलं, आता फुंकेल, आता फुंकेल. म्हणून मी पळालोच नाही."

तांगीनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "घाबरलो रे."

"घाबरलास ते समजतं मला. पण डोळे मिटलेस म्हणून सांगितलंस?"

आपल्यात जोडीदाराला दगा देणाऱ्याला ओसाड वाळूच्या बेटावर सोडून येतात. गेनोलेनं नुसतं तोंड उघडायचा अवकाश, सगळे खलाशी धावले असते. पण तो माझ्याकडं बघत राहिला. "तू सांग, ऑलिव्हेट."

मी मालोकडं बघितलं. "जाऊ दे त्याला," म्हटलं.

तांगी शंख खुंटीला टांगून पहिल्या जहाजानं गेला. पुन्हा दिसला नाही. मालोला गेनोलेनंच वाढवलं, पोहायला शिकवलं. मालोला अजून वाटतं हाच आपला बाप.

मला कधी बोल लावला नाही गं. पण तेव्हापासून स्वतःच्या घरात शिरताना उंबऱ्याबाहेर थांबून हाक मारायचा. रोज. मी "ये" म्हणेपर्यंत पाय आत टाकायचा नाही. मरेपर्यंत, वीस वर्षं! एकदा मी चिडून म्हटलं, "पाहुणा आहेस काय?" तर म्हणाला, "वाट बघायची सवय लागली."

मी त्याला फसवलं नव्हतं. तरी ती हाक ऐकली की फसवल्यासारखं वाटायचं.

आता ऊठ. उद्या मालो मोहिमेवर निघालाय, आणि होडीपाशी थांबायची पाळी त्याची आहे. तो खुंटीवरचा शंख काढ, धूळ पूस. बंदरावर जा आणि तुझ्या बापाला हे सगळं वाचून दाखव, एक अक्षरही गाळू नकोस. रागावला तर रागावू दे. मग शंख दे त्याला. होडीत ठेवू नकोस हं, हातात दे.